कसेल त्याची संस्कृती : ‘कल्चर’ या शब्दाची मुळं आणि आपलं भाषांतर

मागच्या वेळी आम्ही सांगितलं होतं की एका शब्दावर तासभर बोलायचं आहे. शब्द इंग्रजी, मूळ लॅटिन, आणि वापर आपल्या धाराशिव जिल्ह्यात रोजचा. शब्द आहे ‘कल्चर’. एका शब्दावर तासभर काय बोलणार, असं कुणी विचारेल. आमचं म्हणणं असं की या शब्दाचं मराठी भाषांतर करताना आपण काही कमावलं आणि काही गमावलं. त्याचा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला नाही. आज तो मांडून बघू.

सुरुवात पुस्तकापासून नको, दुकानापासून करू. जून महिन्यात कळंबला किंवा वाशीला कृषी सेवा केंद्रात उभं राहिलं की शेतकरी विचारताना ऐकू येतो, “कल्चर आलंय का?” त्याला सोयाबीनच्या बियाण्याला लावायचं रायझोबियमचं पाकीट हवं असतं. गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कल्चर शेवटी. कारण कल्चर जिवंत असतं. दवाखान्यात डॉक्टर लघवीचं ‘कल्चर’ करायला सांगतात. केळीवाला ‘टिश्यू कल्चर’ची रोपं मागतो. आणि संध्याकाळी टीव्हीवर कुणीतरी तावातावाने सांगत असतो, “हे आपलं कल्चर नाही!” शब्द एकच. पण दुकानातलं कल्चर वाढवायचं असतं आणि टीव्हीवरचं फक्त वाचवायचं असतं. हा फरक लक्षात ठेवा. पुढे त्यावरच यायचं आहे.

आता मुळाकडे. लॅटिनमध्ये ‘कोलेरे’ असा एक धातू आहे. त्याचे अर्थ तीन. पहिला, जमीन कसणे. दुसरा, एखाद्या ठिकाणी वस्ती करणे. तिसरा, देवाची पूजा-उपासना करणे, मान राखणे. त्याचं भूतकालवाचक रूप ‘कुल्तुस’. त्याला ‘-ऊरा’ हा प्रत्यय लागून ‘कुल्तूरा’, म्हणजे मशागत. ‘आगेर’ म्हणजे शेत; म्हणून ‘अ‍ॅग्रिकल्चर’. याच धातूतून ‘कोलोनुस’ म्हणजे जमीन कसणारा, आणि पुढे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात दुसऱ्याच्या जमिनीला बांधला गेलेला कसणारा. त्यातून ‘कोलोनिया’, म्हणजे नव्या जमिनीवर वसवलेली वस्ती. जर्मनीतलं कलोन शहर अशीच एक रोमन कोलोनिया. नाव अजून तेच आहे. आपल्याकडे गावोगाव ‘शिक्षक कॉलनी’ असते, तीही याच घरातली. आणि पूजेच्या अर्थातून ‘कल्ट’. म्हणजे बघा, शेती, कॉलनी, कल्ट आणि कल्चर ही चार भावंडं एका घरची. आज एकमेकांना ओळखत नाहीत, इतकंच.

एका धातूला तीन अर्थ कसे, असं वाटेल. पण आपल्या मराठीतही हे आहे. ‘वाहणे’ घ्या. शेत वाहतात. ‘ही जमीन कोण वाहतं?’ असं आपण विचारतो, वहितीची जमीन म्हणतो. आणि देवाला फूलही वाहतात. तुळजापूरला आई भवानीपुढे आपण वाहतो ते फूल आणि शिवारात वाहतो ते रान, क्रियापद एकच. त्याच घरातून ‘वहिवाट’ आली : जमिनीचा चालू वापर, आणि रूढ चाल. ‘कोलेरे’चं भाषांतर करायला कुणी आम्हांला सांगितलं असतं तर आम्ही ‘वाहणे’ दिलं असतं. शेताची आणि देवाची सेवा एकाच शब्दात सांगणारी भाषा फक्त रोमनांकडे नव्हती.

आता एक सावधगिरी. अशा विषयावर बोललं की हमखास कुणीतरी म्हणतं, “सर, कल्चर म्हणजे आपला कुलाचारच!” असं बोलणं मराठीला नवं नाही. पु. ना. ओकांनी व्हॅटिकनमध्ये ‘वाटिका’ शोधली होती. ऐकायला गोड वाटतं. पण व्युत्पत्ती कानाने ठरत नाही. ती ठरते ध्वनींच्या नियमित बदलांवरून आणि शब्दाच्या प्रवासाच्या पुराव्यावरून. ‘कल्चर’मधला ‘-चर’ म्हणजे ‘आचार’ नव्हे. तो लॅटिनचा ‘-तूरा’ आहे, इंग्रजी उच्चारात झिजलेला. ‘पिक्चर’ आणि ‘नेचर’मध्ये तोच आहे, आणि पिक्चरमध्ये कुणी आचार शोधत नाही. तसंच ‘कोलोनुस’ आणि आपलं ‘कूळ’. दोघांचा अर्थ जवळचा, आवाज जवळचा, तरी नातं नाही.

पण गंमत पुढे आहे. खरं नातं आहे, फक्त ते दुसरीकडे आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘कोलेरे’चं मूळ ज्या आदिम इंडो-युरोपीय धातूत शोधतात त्याचा अर्थ आहे फिरणे, वळणे, वावरणे. तो धातू साधारण ‘क्वेल्’ असा. लॅटिनमध्ये त्याचं ‘कोल्’ झालं. संस्कृतात ‘ए’ स्वराच्या आधीचा ‘क्व’ बदलून ‘च’ झाला, ‘ल’चा ‘र’ झाला, आणि हाती आला ‘चर्’. चरणे, आचरण, आचार, चरित्र, सगळे त्यातले. द्वित्त होऊन त्याच धातूतून ‘चक्र’ आलं, म्हणजे आपलं चाक. आणि इंग्रजी ‘व्हील’ही. म्हणजे कुलाचारवाल्यांनी नातं जोडलं ते शेपटाशी, आणि नातं होतं डोक्याशी. ‘कल्चर’मधलं ‘कल्’ हे ‘चर्’चं भावंड आहे. आणि हे नातं बाप-लेकाचं नाही. संस्कृतातून लॅटिन निघाली नाही, लॅटिनमधून संस्कृत नाही. दोघी एका आजीच्या नाती. यात कमीपणा कसला?

चाकाचा विषय निघाला म्हणजे तेरला जावंच लागतं. आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात त्याचा उल्लेख आहे : पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून गाड्यांनी कापड भडोच बंदराला जातं. इटलीत पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. तिथे १९३८ साली उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. सांगायचं इतकंच की ‘कुल्तूरा’ म्हणणारे लोक आणि तेरणाकाठचे आपले विणकर-कारागीर एकाच बाजाराच्या दोन टोकांना होते. शब्द तेव्हा आपल्याकडे आला नाही. माल गेला.

शब्दाला मनाचा अर्थ कुणी दिला? रोमचा सिसेरो. इसवी सनपूर्व ४५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘तुस्कुलान संवादां’त तो तत्त्वज्ञानाला मनाची मशागत म्हणतो. त्याचा युक्तिवाद असा : जमीन कितीही कसदार असो, मशागतीवाचून पीक देत नाही, मनाचंही तसंच, शिक्षणावाचून ते फळत नाही. तत्त्वज्ञान दुर्गुणांचं तण मुळासकट उपटतं आणि मन पेरणीजोगं करतं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा ही उपमा आम्हांला आवडणारच. पण तिच्यात एक काटा आहे. तो थोड्या वेळाने दाखवतो.

पुढे हा अर्थ युरोपात रुजला. इंग्रजीत ‘कल्चर’ आधी शेतीपुरता होता, मग मनापर्यंत गेला, मग समाजापर्यंत. मॅथ्यू आर्नल्डचं ‘कल्चर अँड अ‍ॅनार्की’ हे पुस्तक १८६९ चं. त्याच्या लेखी कल्चर म्हणजे पूर्णत्वाचा ध्यास, माणसाने आजवर केलेल्या उत्तम विचारांशी ओळख. एडवर्ड टायलरचं ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ १८७१ चं. त्याच्या लेखी कल्चर म्हणजे ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, समाजात राहून माणूस जे जे मिळवतो ते सगळं. दोन वर्षांच्या अंतराने दोन अर्थ. आर्नल्डच्या अर्थाने कल्चर काही जणांकडे असतं, काहींकडे नसतं. टायलरच्या अर्थाने ते नसलेला माणूसच नाही. आपले आजचे निम्मे वाद या दोन अर्थांची सरमिसळ करून चालतात. “आमची संस्कृती” म्हणताना बोलणारा टायलर असतो, आणि “तो असंस्कृत आहे” म्हणताना त्याच तोंडाने आर्नल्ड होतो.

आता आपल्याकडे. हा शब्द भारतीय भाषांत आणायचा तर काय म्हणायचं? बंगालीत ‘कृष्टी’ असा प्रतिशब्द पुढे आला होता. कृष् म्हणजे नांगरणे. शब्दशः पाहिलं तर हे ‘कुल्तूरा’चं चोख भाषांतर. शिवाय ऋग्वेदात ‘कृष्टी’ म्हणजे लोक, जन. तरी रवींद्रनाथांना तो शब्द रुचत नव्हता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी नोंदवलं आहे की १९२२ च्या सुमारास पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून त्यांना कळलं, मराठीत या अर्थी ‘संस्कृती’ हा शब्द चालतो. त्यांनी तो रवींद्रनाथांना सांगितला, त्यांना तो पसंत पडला, आणि बंगालीत ‘संस्कृती’ रूढ झाला. म्हणजे हा शब्द बंगालला जायच्या आधी मराठीत रुळलेला होता. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे, पण अभिमानाबरोबर हिशेबही घ्यावा.

कमावलं ते आधी सांगू. ‘संस्कृती’ हा शब्द नवा बनवलेला नाही, फार जुना आहे. ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांना आत्मसंस्कृती म्हटलं आहे. हाताने घडवलेल्या कलाकृती म्हणजे स्वतःला घडवणं! आणि पाणिनीचं बघा. सम् आणि कृ यांच्यामध्ये एक जादा ‘स्’ येतो, म्हणून ‘संस्कृती’. हा ‘स्’ केव्हा येतो? पाणिनी दोन अर्थ देतो. एक भूषण, म्हणजे सजवणं. दुसरा समवाय, म्हणजे एकत्र येणं, जमणं. आपण पहिला अर्थ घट्ट धरला आणि दुसरा सोडून दिला. शाळेत ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणजे काय? दोन नाच, एक नाटुकलं, पाहुण्यांना शाल. भूषण सगळं; समवाय शोधावा लागतो.

मीमांसकांनी तर ‘संस्कार’ची फार नेटकी व्याख्या केली आहे. शबरस्वामींच्या भाष्याचा आशय असा : जे घडल्यामुळे एखादा पदार्थ कुठल्या तरी कामाला योग्य होतो, तो संस्कार. यज्ञासाठी भात आणला, त्यावर पाणी शिंपडलं, तो कांडला. हे त्याचे संस्कार. संस्कार म्हणजे योग्यता आणणं. आता तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका आठवा. संतमंडळी जमली आहेत, आणि काका थापटण्याने एकेकाचं डोकं वाजवून मडकं पक्कं की कच्चं ते सांगतात. नामदेव कच्चे ठरतात. माती मळणं, चाकावर घालणं, थापटणं, भाजणं : हे मडक्याचे संस्कार. मडकं पाणी धरतं की नाही, ही कसोटी. कुठल्या घराण्याची माती, असं काकांनी विचारलं नाही.

मग गमावलं काय? गमावली ती माती. ‘कृष्टी’ टाकताना आपण नांगर टाकला. ‘कल्चर’ या शब्दात शेतकरी पोटात आहे. इंग्रजाला तो विसरायचा असला तरी ‘अ‍ॅग्रिकल्चर’ शब्द आठवण करून देतो. आपल्या ‘संस्कृती’त त्याची खूण उरली नाही. शब्द सुंदर आहे, पण त्याचे पाय धुतलेले आहेत. आणि त्याच्या शेजारी ‘संस्कृत’ ही भाषा, ‘संस्कार’ हे विधी. या शेजारामुळे शब्द नकळत शिकलेल्यांच्या, उच्चवर्णीयांच्या आळीत राहायला गेला. जीवशास्त्रवाल्यांनी मात्र वेगळा शब्द घेतला : संवर्धन. ऊतिसंवर्धन, मत्स्यसंवर्धन. वाढवण्याची क्रिया त्यांनी शब्दात जपली. आता पत्रिकांवर ‘संस्कृती-संवर्धन’ असं छापतात. व्युत्पत्तीने बघितलं तर ते ‘कल्चरचं कल्चर’ झालं! पण द्विरुक्ती का लागली? कारण ‘संस्कृती’ हे नाम इतकं थिजलं की त्याला हलवायला दुसरं क्रियापद जोडावं लागलं.

हे सगळ्यांनी होऊ दिलं असं नाही. साने गुरुजींच्या ‘भारतीय संस्कृती’त (१९३७) कर्म, ज्ञान, संयम अशी प्रकरणं आहेत. संस्कृती ही करायची गोष्ट आहे, असा त्या पुस्तकाचा रोख आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९५१ मध्ये शीर्षकातच ‘विकास’ शब्द घातला : ‘वैदिक संस्कृतीचा विकास’. मराठीला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार १९५५ साली याच ग्रंथाने मिळवून दिला. विकास होतो म्हणजे ती बदलते. बदलते म्हणजे ती केली जाते. दोघांचं वाचन आपण सोडलं आणि शीर्षकातला एकच शब्द उचलला.

इथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो आम्हीच घेतो. शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. यास्काच्या ‘निरुक्ता’तच हा वाद आहे. शाकटायन म्हणतो, सगळी नामं धातूंपासून झाली. गार्ग्य म्हणतो, सगळी नाहीत. आणि झाली असली तरी लोक आज शब्द कशासाठी वापरतात, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश-गवत तोडणारा, असं जुने टीकाकार सांगतात. म्हणून शल्यचिकित्सकाला कुणी गवत कापायला पाठवत नाही. तेव्हा ‘कल्चर’ मुळात शेती होती म्हणून आज ती शेतीच आहे, असं आम्ही म्हणत नाही. मूळ आज्ञा देत नाही. पण ते एखादा बुजलेला अर्थ दाखवू शकतं, आणि मग त्याची गरज आहे का, हे आपण ठरवायचं.

आम्ही म्हणतो, आहे. कारण हा नुसता शब्दांचा खेळ नाही. मराठवाड्यातल्या महाविद्यालयात ज्यांनी शिकवलं त्यांना हे दृश्य ठाऊक आहे : खेड्यातून आलेली पोरं वर्गात तोंड उघडत नाहीत. ज्ञान नसतं असं नाही. “आमची भाषा गावंढळ आहे, सर.” म्हणजे काय? आमच्याकडे संस्कृती नाही. ज्या घरात बाप पाभर धरतो, आई जात्यावर ओव्या म्हणत मोठी झाली, कुठल्या रानात काय पिकतं, कुठला ढग बरसतो हे ज्या घराला कळतं, त्या घरच्या मुलीने स्वतःला असंस्कृत समजावं, हे त्या धुतलेल्या पायांच्या शब्दाचं कर्तृत्व आहे. ‘कल्चर’चं मूळ तिला सांगितलं तर तिला किमान इतकं कळेल, की हा शब्द तिच्या बापाच्या वावरातून उचलून नेला होता.

आता तो काटा. सिसेरो म्हणतो, तण उपटा. ठीक. ‘तण खाई धन’ हे आपल्यालाही माहीत आहे. पण तण कशाला म्हणायचं, ते कोण ठरवणार? पाथरी, घोळ, तांदुळजा ही तणनाशकाच्या दुकानात तणं आहेत; खुरपायला गेलेल्या बाईच्या ओट्यात ती संध्याकाळची भाजी आहे. ‘कोलेरे’मधून ‘कल्चर’ निघालं तसं ‘कॉलनी’ही निघालं, हे विसरू नका. दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन, तिथलं सगळं तण ठरवून, ती साफ करून आपलं पेरणं म्हणजे वसाहतवाद. ते त्याला मशागतच म्हणत होते. आणि हे फक्त गोऱ्यांनी केलं असं नाही. कुणाची बोली, कुणाचा देव, कुणाचं ताट ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असं ज्या क्षणी आपण म्हणतो, त्या क्षणी आपल्या हातात खुरपं असतं. तेव्हा मशागतीची उपमा घ्या, पण खुरपं बघून चालवा.

शेवटचा मुद्दा. आपल्या भागात १९५० चा हैदराबादचा कुळवहिवाट कायदा आला. संरक्षित कुळाला जमिनीवर हक्क मिळण्याची वाट त्याने उघडली. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असेल. त्यामागचा विचार साधा होता : जमिनीवरचा हक्क कागदावरच्या नावाने येत नाही, कसण्याने येतो. आमचं म्हणणं, हाच न्याय संस्कृतीला लावा. आजोबांच्या नावाचा सातबारा दाखवून “ही आमची संस्कृती” म्हणता येणार नाही. तुम्ही ती कसता का? ओव्या गोळा करता का, तेरचं संग्रहालय मुलांना दाखवता का, मराठीत चार ओळी नीट लिहिता का, शेजाऱ्याच्या सणाला जाता का? कसत असाल तर तुमची. मग तुम्ही कुठल्या जातीचे, कुठल्या धर्माचे, केव्हा इथे राहायला आलात, हे विचारायचं कारण नाही. आणि कसत नसाल, तर ती पडीक आहे. पडीक रानाला कुंपण घालून पीक येत नाही.

प्रश्न आला आहे : “सर, मग ‘संस्कृती’ शब्द टाकून ‘कृष्टी’ घ्यायचा का?” नाही. शंभर वर्षं चाललेला शब्द आपण इथे बसून बदलू शकत नाही, आणि गरजही नाही. ‘संस्कृती’तला समवाय आणि योग्यता हे दोन अर्थ जागे केले तरी पुष्कळ झालं. शब्द तोच ठेवा, त्याला थोडी माती लागू द्या.

दुसरी चिठ्ठी आहे : “सिव्हिलायझेशन आणि कल्चर यांत फरक काय?” तो शब्द शहरातून आला, ‘सिविस’ म्हणजे नागरिक यापासून, आणि आपण त्याला ‘सभ्यता’ म्हणतो, म्हणजे सभेतून आणतो. शहर आणि सभा यांत बरंच अंतर आहे. त्याला दोन वाक्यांत उत्तर देणं बरं नाही. पुढचं व्याख्यान त्यावरच ठेवू. तोवर ज्यांच्या घरी जुने लोक आहेत त्यांनी त्यांना विचारून ठेवा, की ‘वाहणे’ हा शब्द आणखी कुठे कुठे वापरतात. मिळालेले वापर लिहून आणा. आम्हांला ते हवे आहेत.